गाठ नको: चंद्रकळेवरची कसुती आणि दोऱ्याची टोकं

भरतकाम शिकवणारे टाका कसा घालायचा हे चार-चार वेळा दाखवतात आणि दोरा संपत आला की 'आता मागे नीट बंद करा' एवढं म्हणून पुढच्या फुलाकडे वळतात. हे 'नीट' म्हणजे नेमकं काय, ते मला भाचीच्या पहिल्या संक्रांतीसाठी काळ्या इरकली साडीवर कसुती, म्हणजे धारवाडकडचं धागे मोजून करायचं भरतकाम, करायला घेतली तेव्हा कळलं. तोवर माझं काम म्हणजे उशांचे अभ्रे, झबली, टेबलक्लॉथ. मागची बाजू कुणी बघायला येत नाही अशा वस्तूंवर बसलेला हात. शाळेत शिवणाच्या बाई कापड उलटं करून मार्क द्यायच्या. शाळा सुटली तसा तो धाकही सुटला.

साडीचा पदर मात्र दोन्ही अंगांनी दिसतो. डोक्यावरून घेतला की आतली बाजू कपाळापाशी येते, मोकळा सोडला की चालताना उलटतो, आणि हळदीकुंकवाला जमलेल्या बायका तर पदर हातात घेऊन उलटसुलट करूनच बघतात. धारवाड-हुबळीकडे काळ्या चंद्रकळेवर कसुती भरून ती नवरीला द्यायची जुनी पद्धत. आपल्याकडे चंद्रकळा संक्रांतीची. इरकल म्हणजे इलकल हे गाव बागलकोट जिल्ह्यातलं, पण सांगली-कोल्हापूर-सोलापूरकडे इरकली लुगडं परकं कधीच नव्हतं. आमच्या आजीच्या पिढीत ते रोजचं नेसणं होतं. त्यामुळे कापड ओळखीचं, सण ओळखीचा, फक्त टाका नवा.

शिकवायला शेजारच्या काकू होत्या. त्यांचं माहेर धारवाडचं. बोलणं अर्धं मराठी, अर्धं कानडी, आणि सुईत दोरा ओवता ओवता तिसऱ्याच विषयावर गप्पा. मी सवयीने दोऱ्याच्या टोकाला गाठ मारायला बोटावर वेढा घेतला, तर त्यांनी हातातून सुईच काढून घेतली. "गंटु बेडा. गाठ नको. कसुतीत गाठ नसते, बाई."

"मग दोरा सुटणार नाही का, काकू?"

"सुटू दे की. आत्ता कशाला धरून ठेवतेस त्याला?"

हे उत्तर त्या दिवशी मला कोड्यासारखं वाटलं. पण सगळी युक्ती त्यातच होती. टोक आत्ता बांधायचं नाही, नुसतं लांब सोडायचं. ते कुठे जाऊन लपणार आहे हे मात्र पहिला टाका घालायच्या आधी ठरलेलं असायला हवं.

कसुतीत चार टाके. गवंती हा दुहेरी धावदोरा. मुर्गी त्याचीच पायऱ्यापायऱ्यांनी वर चढणारी बहीण. नेयगे विणल्यासारखा दिसतो, आणि मेंथे म्हणजे आपला फुलीचा टाका. खरी गंमत गवंतीत आहे. जाताना एक घर सोडून एक घर धावदोरा घालत जायचं आणि येताना त्याच भोकांतून मोकळी राहिलेली घरं भरत परत यायचं. म्हणजे वरून अखंड रेघ आणि खालूनही अखंड रेघ. युरोपात ह्याच टाक्याला होल्बाइनचं नाव आहे. सोळाव्या शतकातल्या ह्या चित्रकाराने रंगवलेल्या माणसांच्या कॉलरींवर आणि बाह्यांवर तो दिसतो म्हणून. पण आपला मुद्दा वेगळा. येऊन-जाऊन हिशोब असा होतो की दोरा जिथून निघाला तिथेच परत येतो. सुरुवातीचं टोक आणि शेवटचं टोक एकाच भोकापाशी भेटतात.

म्हणजे निघायचं कुठून, हा प्रश्न खरं तर संपायचं कुठे, हाच आहे. काकू आलेखाच्या कागदावरच्या गोपुरावर बोट फिरवायच्या आणि विचारायच्या, "सांग, कुठून?" मी आपली खालच्या डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवायची, कारण लिहायची सवय. त्या मान हलवायच्या. कोपऱ्यात दोनच रेघा मिळतात, तिथे टोक लपवायला जागा नाही. जिथे तीन-चार रेघा एकत्र येतात ती जागा शोधायची: गोपुराच्या मजल्याची रेघ आणि मधला खांब जिथे छेदतात ती, रथाच्या चाकाचा आस, तुळशीवृंदावनाच्या कट्ट्याचा मधला बिंदू. तिथे आधीच दोऱ्यांची दाटी असते, त्यात आणखी चार टाके आत गेले तर नजरेला खुपत नाहीत. नंतर नंतर मला रचना बघताक्षणी आधी हे चौक दिसायला लागले, मग चित्र.

फांद्यांचं गणितही इथेच. मुख्य रेघेवरून जाताना वाटेत फांदी आली की लगेच तिच्यावर वळायचं, टोकापर्यंत जाऊन परत यायचं, फांदी पूर्ण बंद करायची आणि मग पुढे निघायचं. 'येताना बघू' म्हणून सोडलेल्या फांदीसाठी नंतर नवा दोरा लावावा लागतो. नवा दोरा म्हणजे लपवायला दोन नवी टोकं. बारीक बुट्टीत हे फार महाग पडतं.

आता प्रत्यक्ष लपवणं. मी रेशीम न घेता सहा पदरी सुती दोऱ्याचे दोन पदर घेतले होते. साधारण हाताच्या बोटांपासून कोपरापर्यंत, म्हणजे ४५ सेंटिमीटरच्या आसपास लांबी. ह्याहून लांब घेतला तर कापडातून ये-जा करून दोरा पिंजतो, आणि असा पिंजलेला दोरा शेवटी लपवायला गेलं की लव बाहेर काढतो. सुरुवातीला दहा-बारा सेंटिमीटर मोकळं सोडायचं. इतकं कशाला, असं प्रत्येकीला वाटतं. कारण ते नंतर सुईत ओवता यायला हवं, आणि पाच-सहा टाके चालल्यावरही हाताला धरायला उरायला हवं.

रचना पूर्ण झाली, दोन्ही टोकं चौकापाशी भेटली. इथे मी काकूंचं बघत बसले होते. त्यांनी टोकाचे दोन पदर नखाने वेगळे केले. एकच पदर बारीक, टोकदार सुईत ओवला. आधी घातलेल्या रेघेवरून, त्याच भोकांतून, पुन्हा धावदोरा घालत निघाल्या. वरचा टाका वर, खालचा टाका खाली. आणि प्रत्येक टाक्याला सुईचं टोक आधीच्या दोऱ्याच्या बाजूने न जाता त्याच्या पोटातून, दोऱ्याचे तंतू दुभंगून जात होतं. म्हणूनच ते टोक पुढे धरून राहतं. असे चार-पाच टाके झाले की दुसरा पदर ओवून दुसऱ्या फांदीवर. शेवटच्या टोकाचंही तसंच, उरलेल्या दोन दिशांना. चार पदर, चार वाटा. दोन्ही पदर एकाच रेघेत घातले तर तेवढी रेघ जाड दिसते, आणि काळ्या कापडावर पांढऱ्या दोऱ्याची जाडी लांबूनसुद्धा कळते. एकेक पदर वाटून दिला की मी स्वतः केलेलं असूनही मला नंतर सापडत नाही.

एकदा मी विचारलं, एकच लांब पदर दुमडून, दोन्ही टोकं सुईत ओवून, मागे राहिलेल्या फासातून सुई काढून सुरुवात केली तर? क्रॉस स्टिचवाल्या सगळ्याजणी असंच करतात, आणि सुरुवातीचं टोकच उरत नाही. काकूंनी करून बघितलं, चष्मा पुढे सरकवून उलटी बाजू बघितली आणि म्हणाल्या, "फास दिसतोय." खरंच, भोकापाशी टाक्याच्या ओळीबाहेर मोहरीएवढासुद्धा नाही असा ठिपका होता. शिवाय दुमडलेल्या दोऱ्यात एका पदराचा पीळ सुलटा आणि दुसऱ्याचा उलटा जातो, त्यामुळे एक पदर लवकर पिंजतो. मॅटीच्या कापडावरच्या क्रॉस स्टिचला ही पद्धत मी आजही वापरते आणि वापरा म्हणून सांगते. साडीच्या पदरावर नाही.

जाळीची भानगड वेगळी. जुन्या बायका कापडाचे धागे मोजून कसुती करायच्या. इरकलीचं पोत इतकं बारीक की माझ्या डोळ्यांनी ते होणारं नव्हतं, आणि आजकाल बहुतेक जणी कापडावर मोजायची जाळी टाचून तिच्या घरांवरून काम करतात आणि शेवटी जाळीचे धागे एकेक करून ओढून काढतात. ह्या जाळीचा एक फायदा काकूंनी दाखवला. सुरुवातीचं सोडलेलं टोक लोंबकळत राहिलं की पुढच्या टाक्यांत अडकतं. ते वरच्या बाजूला काढून, फक्त जाळीत, कापडाला न टोचता दोन सैल टाके घालून बाजूला बांधून ठेवायचं. तिथे हवी तर गाठसुद्धा मारा, जाळी जाणारच आहे. टोक लपवायची वेळ आली की सोडवून घ्यायचं.

तोटाही आहे. टोकं लपवताना सुई आधीच्या टाक्याच्या पोटातून जायला हवी, पण जाळीच्या धाग्याच्या पोटातून जाता कामा नये. तशी गेली, तर जाळी ओढताना तो धागा तुमचं लपवलेलं टोक बरोबर घेऊन येतो. ह्यासाठी दिवसाउजेडी, खिडकीपाशी, कापड बोटावर ताणून बसावं लागतं. आणि टोकं जाळी काढायच्या आधीच बंद झालेली असायला हवीत, कारण एकेक धागा ओढताना टाक्यांवर चांगलाच ताण येतो आणि मोकळं टोक तेवढ्यात सरकतं. मी जाळी काढताना धागा वर उचलून ओढत नव्हते. कापडाला अगदी चिकटून, आडवा, सावकाश. खळ असलेली जाळी किंचित ओलसर फडक्याने नरम होते, पण रेशमाच्या आणि गडद रंगाच्या कापडावर आधी आतल्या काठाशी पाण्याचा थेंब टाकून रंग जातो का ते बघितलेलं बरं.

मधेच दोरा संपला तर? मोठ्या रथात तो संपतोच. ह्याला काकूंचा नियम: जाताना संपू द्यायचा नाही, येताना संपवायचा. जाताना संपला तर पुढे-मागे नुसते सुटे टाके, टोक लपवायला भरलेली रेघ कुठेच नाही. त्यामुळे निघतानाच अंदाज घ्यायचा, रेघ लांब असेल तर दोऱ्याच्या मध्यापासून सुरुवात करायची. अर्धा दोरा एका बाजूला सोडून उरलेल्या अर्ध्याने उजवीकडे जाऊन यायचं, मग तो सोडलेला अर्धा ओवून डावीकडे. अशाने सुरुवातीचं टोक म्हणून काही राहतच नाही, दोन्ही टोकं शेवटचीच. हे मला फार आवडलं. लांब काठाच्या पट्टीला ह्यासारखी पद्धत नाही.

नेयगे आणि मेंथे ह्यांचं सांगण्यासारखं कमी. नेयगेत ओळी एकमेकींना लागून असतात, टोक शेजारच्या ओळीच्या टाक्यांखाली सरकवून दिलं की झालं. मागची बाजू तशीही पुढच्यासारखी दिसत नाही. पुढे टाका तिथे मागे मोकळं, असा उलटा छाप. मेंथे फुलीचा, तिथे मागे उभ्या रेघांच्या रांगा मिळतात, त्यांच्याखालून आधी एका दिशेने आणि मग शेवटच्या रेघेला वळसा घालून उलट दिशेने. काकू पदरावर हे दोन टाके घेतच नाहीत, फार तर मधे थोडे. मला ते पटतं.

चंद्रकळा होता होता माझ्या बाकीच्या कामाची उलटी बाजूही बदलत गेली. बाळाच्या झबल्यावर गाठ मारणं मी आता जवळजवळ बंद केलंय. एक तर ती कोवळ्या अंगाला टोचते, आणि झबलं रोज धुतलं जातं. धुऊन धुऊन गाठीचं शेंडीएवढं टोक आखडतं आणि गाठ उकलते. तिथे मी सुरुवात अशी करते: जी जागा पुढे टाक्यांनी झाकली जाणार आहे तिथे दोन-तीन बारीक धावदोरे, त्यावर एक छोटा उलटा टाका त्याच दोऱ्याला टोचून, आणि मग वरून भरीव टाका. संपताना मागच्या टाक्यांखालून सुई सरकवायची, एक टाका सोडून वळायचं आणि परत यायचं. हे वळणं महत्त्वाचं. एकाच दिशेने सरकवलेला दोरा ओढला की सरळ बाहेर येतो, वळवलेला येत नाही. तरी झबल्याच्या आतून मी मऊ अस्तराचा तुकडा लावतेच, मग टोक कितीही छान लपलेलं असो.

साखळी टाक्याला शेवटच्या कडीवर एक छोटा टाका घालून तिला खाली बसवल्याशिवाय सुई मागे नेऊ नये, नाहीतर एक कडी सुटली की रांगच्या रांग उसवते. देठाच्या टाक्याला मागे बारीक उलट्या टिपेसारखी रेघ मिळते, तिला सुईच्या मागच्या, नेढ्याच्या अंगाने दोऱ्याचे वेढे घालत जायचं. कापड टोचायचं नाही. गाठी टाक्यांची फुलं सगळ्यांत वैतागाची. एकेक टिकली सुटी, मागे काहीच आधार नाही. एक सेंटिमीटरच्या आत दुसरी असेल तर दोरा मागून नेते, त्याहून लांब असेल तर बंद करून पुन्हा सुरू करते, कारण पांढऱ्या मलमलीवर मागून नेलेला लाल दोरा पुढून शिरेसारखा दिसतो.

चमकदार रेयॉनचा दोरा ह्या सगळ्या नियमांना दाद देत नाही. गुळगुळीत असतो, लपवलेला तसाच निसटतो. त्याचं टोक दुप्पट लांब ठेवायचं, दोनदा वळवायचं आणि वाटेत एक-दोन ठिकाणी टाक्याच्या पोटातून टोचायचं. जरीचा जाड कसब तर मागे ओढून त्याला त्याच रंगाच्या साध्या दोऱ्याने टाचतात. तो स्वतःच स्वतःत विणायला गेलं तर वरचा मुलामा सोलून निघतो.

आणि दोरा सुईहून आखूड राहिला तर? सगळ्यांचंच होतं हे, गप्पांच्या भरात. आधी रिकामी सुई मागच्या टाक्यांखालून सरकवायची, नेढं टोकापाशी येईल अशी उभी करायची, मग त्या नेढ्यात आखूड टोक ओवायचं आणि सुई पुढे ओढून घ्यायची. एक-दीड सेंटिमीटरचं टोकसुद्धा जातं. ही एक गोष्ट मला कुणी शाळेत सांगितली असती तर कितीतरी दोरा वाचला असता.

काकू गाठीच्या नावाने बोटं मोडतात, पण मला वाटतं तो त्यांचा पदराचा न्याय सगळीकडे लावायचं कारण नाही. गोधडीला गाठच हवी. गाठ मारून सुई वरच्या थरातून आत घालायची, हलका झटका द्यायचा, गाठ 'टक्' करून आत जाते आणि थरांच्या मधे बसते; ना वर दिसते, ना खाली. ती तिथून पुढे पंधरा वर्षं हलत नाही. मण्यांच्या कामातही मी दर काही मण्यांनी मागे गाठ घेते, कारण दोरा एका जागी तुटला तर तेवढेच मणी जावेत, सगळी रांग नाही. भिंतीवर लावायच्या चौकटीत मात्र गाठ नको, मागे पुठ्ठा ताणून बसवला की तिचा उंचवटा पुढे येतो. म्हणजे वस्तू धुतली जाणार का, अंगाला लागणार का, दोन्हीकडून दिसणार का, एवढं विचारलं की गाठ हवी की नको ते आपोआप कळतं. 'भरतकामात गाठ मारूच नये' असं जे सरसकट सांगितलं जातं, ते सांगणाऱ्यांनी गोधडी शिवलेली नसावी.

चंद्रकळेचं शेवटचं काम उरलेली टोकं कापण्याचं. हे मी काकूंच्या सांगण्यावरून इस्त्रीनंतरच केलं. जाड टॉवेलवर साडी उलटी पसरून, वर सुती फडकं घालून, मंद इस्त्री नुसती टेकवत न्यायची, घासायची नाही. उष्णतेने टाके बसतात, थोडे आखडतात, आणि आधी अगदी बेताने कापलेलं टोक अशा वेळी पुन्हा बाहेर डोकावतं. इस्त्री झाल्यावर टोक हलकेच ओढायचं, वाकड्या पात्याच्या छोट्या कात्रीने कापडाला लागून कापायचं आणि कापड आडवं ताणायचं. कापलेलं टोक आत खेचलं जातं.

काकूंनी पदर दोन्ही हातांनी खिडकीकडे धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला, आणि विचारलं, "सुलटी कुठली?" त्यांच्याकडून ह्याहून जास्त कौतुक मिळत नाही. भाचीला साडी आवडली, आणि आता तिला त्यावर मणीकाम केलेला ब्लाउज हवाय. तिथे मी दर चौथ्या मण्याला गाठ मारणार आहे. काकूंना तो अस्तर लागल्यावरच दाखवेन.